ब्रेकच्या पेटीतली भेग

श्रीरामपूरहून नेवाशाकडे जाताना आमच्या वीस-बावीस वर्षे वयाच्या गाडीत एक पिवळा दिवा लागू लागला. सकाळी गाडी गार असताना तो विझलेला असे. अर्धा-पाऊण तास उन्हातून चालली की लागे. हा दिवा ‘एबीएस’चा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा. एका ठिकाणी आम्हाला सांगण्यात आले, की नियंत्रक पेटीच बदलावी लागेल. खर्च ऐकून आम्ही परत फिरलो. दुसऱ्या एकाने सुचवले, की दिव्याचा बल्ब काढून टाका, साधे ब्रेक लागतातच की! दिवा फक्त गाडी तापल्यावरच का लागतो, हा प्रश्न मात्र दोघांनीही विचारला नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर या पेटीचा इतिहास पाहावा लागतो.

फिरणारे चाक रस्त्याला धरून असते. ब्रेक फार जोरात दाबला तर चाक थांबते. गाडी मात्र घसरत पुढे जाते. ओल्या डांबरी रस्त्यावर अशा घसरत्या टायरचे घर्षण कमी पडते, आणि चाक जाम झाले की स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. ऊस भरलेली ट्रॉली अचानक समोर आली, तर तिला वळसा घालून जाणेच शक्य होत नाही. अनुभवी चालक म्हणून ब्रेक दाबून-सोडून, दाबून-सोडून गाडी थांबवतात. हेच काम यंत्राकडून करून घेता येईल का?

रेल्वेला हा प्रश्न आधीच पडला होता. घसरलेले चाक एका जागी घासून चपटे होते आणि मग प्रत्येक फेऱ्यात ‘ठक-ठक’ वाजत राहते. मोटारीसाठी जर्मनीतील बॉश कंपनीने १९३६ मध्ये पेटंट नोंदवले. पण ते प्रत्यक्षात उतरवण्याइतकी जलद यंत्रणा तेव्हा नव्हती. पहिले मोठे यश विमानांना मिळाले. १९५० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमधील डनलॉप कंपनीने ‘मॅक्सारेट’ नावाचे साधन बनवले. त्यात विमानाच्या चाकाबरोबर फिरणारे एक लहान जडचक्र असे. चाक एकाएकी मंदावले, तरी जडत्वामुळे हे चक्र त्याच वेगाने पुढे फिरे आणि त्या फरकाने झडप उघडून ब्रेकचा दाब कमी होई. न्यूटनचा पहिला नियमच येथे कामाला लावलेला दिसतो! १९६६ मध्ये ‘जेन्सन एफएफ’ या मोटारीत हेच साधन बसवले गेले. परंतु सर्वसामान्य मोटारीला ते महाग होते.

मग इलेक्ट्रॉनिकी आली. चाकाबरोबर फिरणारी दातेरी कडी आणि तिच्याशेजारी चुंबक व तारेचे वेटोळे अशी रचना केली, की प्रत्येक दात जवळून जाताना वेटोळ्यात विद्युत्‌स्पंद निर्माण होतो. हा फॅरडे यांचा १८३१ चा शोध. स्पंद मोजले की चाकाचा वेग कळतो. डिसेंबर १९७० मध्ये मर्सिडीज कंपनीने अशी यंत्रणा लोकांपुढे चालवून दाखवली, पण तिच्या नियंत्रकात सुमारे १००० सुटे भाग होते; इतक्या भागांची खात्री कोण देणार? अंकीय मंडले आली आणि ही संख्या सुमारे १४० वर उतरली. १९७८ मध्ये मर्सिडीजच्या मोठ्या गाड्यांत ही यंत्रणा विक्रीला आली. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली.

आता आमच्या दिव्याकडे वळू. सुरुवातीला नियंत्रक पेटी ब्रेकच्या झडपांपासून दूर ठेवत आणि दोहोंना तारांच्या जुडग्याने जोडत. पुढे पेट्या लहान होत गेल्या. १९८९ च्या सुमारास पेटी थेट झडपांच्या ठोकळ्यावरच बसवण्यास सुरुवात झाली, आणि १९९० च्या दशकात ही पद्धत रुळली. तारा वाचल्या, जोड कमी झाले, किंमत उतरली. म्हणूनच एबीएस मध्यम किमतीच्या गाड्यांत आले. पण पेटी आता इंजिनाच्या उष्णतेत आणि धक्क्यांत येऊन पडली.

तेथे काय घडते? तापमान वाढले की पेटीतील मंडलाचा बोर्ड जाडीच्या दिशेने तांब्याच्या पिनेपेक्षा तिपटीहून अधिक प्रसरण पावतो. हा सगळा ताण त्यांच्यामधल्या सोल्डरवर येतो. जुन्या गाड्यांतील शिसे-कथिलाचे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला, म्हणजे ४५६ केल्व्हिनला वितळते. इंजिनाजवळचे १०० अंश म्हणजे ३७३ केल्व्हिन. याचा अर्थ, सोल्डर आपल्या वितळणबिंदूच्या ८२ टक्क्यांवर काम करत असते. लोखंडाला हेच प्रमाण लावले तर सुमारे १२०० अंश येतात. लोहाराच्या भट्टीतल्या रसरशीत लोखंडाकडून कोणी वर्षानुवर्षे वजन पेलण्याची अपेक्षा करील काय?

वारंवार वाकवलेली तार तुटते, तसेच हे आहे. एकोणिसाव्या शतकात व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर या ‘थकव्या’चा अभ्यास केला. तापण्या-निवण्याने धातू कसे थकतात, याचे गणित १९५० च्या दशकात कॉफिन आणि मॅन्सन यांनी स्वतंत्रपणे मांडले. पिनेभोवती केसाएवढी गोल भेग पडते. थंडीत तिच्या कडा एकमेकींना टेकलेल्या असतात, उष्णतेने त्या दूर जातात आणि दिवा लागतो.

अखेर श्रीरामपुरातल्याच एका इलेक्ट्रिशियनने आमचा प्रश्न सोडवला. त्यांनी आधी बॅटरी, अर्थिंग, कनेक्टर आणि चारही चाकांचे संवेदक तपासले. कारण दोष पुष्कळदा तेथेच असतो आणि चांगली पेटी उगाच बदलली जाते. मग त्यांनी पेटी ठोकळ्यावरून सोडवली. ब्रेकचे तेल सांडले नाही, कारण विद्युत्‌चुंबकाची वेटोळी पेटीत असतात आणि झडपा ठोकळ्यात बंद. चुंबकीय क्षेत्र पातळ धातूच्या भिंतीतून पलीकडे काम करते. चिकटवलेले झाकण जपून कापले, आणि घड्याळजीच्या भिंगाखाली पंपाच्या मोटरला वीज देणाऱ्या पिनेभोवती ती भेग आम्ही स्वतः पाहिली. जुने सोल्डर काढून नवे भरले, झाकण पाणी शिरणार नाही असे बंद केले. त्यानंतर मोकळ्या मैदानात कमी वेगाने ब्रेक दाबून खात्री केली. पेडल पायाखाली थरथरले, आणि गाडी तापल्यावरही दिवा विझलेलाच राहिला.

बल्ब काढण्याच्या सल्ल्याविषयी एक सांगायला हवे. पेटी स्वतःची सतत तपासणी करते आणि शंका आली तर स्वतःला बाजूला करून साध्या ब्रेकवर काम सोपवते. दिवा हा तिचा निरोप आहे. अनेक गाड्यांत मागच्या चाकांचा दाबही हीच पेटी सांभाळते, म्हणून पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी पुढे नेऊ नये. दुरुस्तीही कुशल हातांनीच व्हावी.

शिक्षकांना वर्गात एवढे करता येईल: तारेचे वेटोळे गुंडाळलेला चुंबक सायकलच्या दातेरी चक्राजवळ धरा, तारेची टोके मल्टिमीटरच्या एसी मिलिव्होल्टला जोडा आणि पेडल फिरवा. वेग वाढेल तसा आकडा वाढेल. मग विद्यार्थ्यांना विचारा, चाक एकदम थांबले तर आकड्याचे काय होईल?