चुकलेल्या मापाची कहाणी

प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही, ही आपली पक्की समजूत. तिला तडा गेला एका चुकीने. १९६७ साली टोकियोत शिराकावांच्या प्रयोगशाळेत ॲसिटिलीनचे बहुवारिक बनवताना एका पाहुण्या संशोधकाने उत्प्रेरक हजारपट घातला. भुकटीऐवजी रुपेरी पापुद्रा निघाला. शिराकावांनी तो फेकला नाही, वर्षानुवर्षे अभ्यासला. १९७६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मॅकडायर्मिड व हीगर यांच्यासह त्यांनी अशा पापुद्र्याला ब्रोमीन, आयोडिन यांची वाफ दिली. वाफेने रेणूंच्या साखळीतील काही इलेक्ट्रॉन हिरावले, उरलेल्यांना वाट मोकळी झाली आणि वाहकता सुमारे कोटीपट वाढली! २००० साली तिघांना नोबेल पारितोषिक लाभले. याच कुळातील पॉलिॲनिलीनची वाहकता अमोनियाच्या स्पर्शाने घटते. त्यावरून वायूची चाहूल लागते. माप कोणाचेही चुकते. चुकलेले निरखून पाहणारा विरळा.