रेकॉर्डवर नाव कुणाचं, हात कुणाचे?

२० मार्चला महाडात पाय ठेवायला जागा नसते. चवदार तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांचे स्टॉल, निळे झेंडे, कॅलेंडरं आणि दर दहा पावलांवर एक स्पीकर. अशाच एका स्पीकरवर पोलादपूरकडच्या तीन-चार पोरांनी स्वतः लिहिलेलं रॅप लावलं होतं. शब्द दमदार होते. मी थांबून विचारलं, "शब्द तुमचे, मग मागचा ठेका कुणाचा?"

एक पोरगा म्हणाला, "नेटवरून घेतला काका. फुकटच असतो तो. कुणाचाच नाही."

ठेका माझ्या ओळखीचा होता. पण मनात रुतून बसले ते त्याचे शब्द, 'कुणाचाच नाही'. ज्या गावात आपण उभे होतो तिथला लढा याच शब्दांशी होता. चवदार तळं सार्वजनिक होतं, म्हणजे 'सगळ्यांचं' होतं. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला, पुढे महाड नगरपालिकेनेही तळं सर्वांना खुलं असल्याचं मान्य केलं. कागदावर पाणी सगळ्यांचं, प्रत्यक्षात आपण सोडून सगळ्यांचं. म्हणून आंबेडकरी माणसाने 'सगळ्यांचं' आणि 'कुणाचंच नाही' हे शब्द ऐकले की कान टवकारायला हवेत. या शब्दांआड बहुतेक वेळा कुणाचा तरी हक्क गिळलेला असतो.

त्या ठेक्याची गोष्ट सांगतो.

१९६९ साली अमेरिकेत 'द विन्स्टन्स' नावाच्या सोल बँडची एक छोटी रेकॉर्ड आली. बँड वॉशिंग्टन डीसीचा, रेकॉर्डिंग अटलांटा शहरातलं. एका बाजूला 'कलर हिम फादर' हे गाणं होतं. ते गाजलं, दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या, आणि ते लिहिणारे बँडप्रमुख, सॅक्सोफोनवादक रिचर्ड स्पेन्सर यांना १९७० साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला काहीतरी भरायचं म्हणून घाईत एक वाद्यसंगीताचा तुकडा वाजवला गेला. त्याचं नाव 'अमेन, ब्रदर'. त्यात सुमारे सात सेकंद बाकी सगळी वाद्यं थांबतात आणि एकटा ड्रम वाजतो. वाजवणाऱ्याचं नाव ग्रेगरी कोलमन.

तेव्हा त्या सात सेकंदांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. १९८६ च्या सुमारास डीजे लोकांसाठी काढलेल्या एका संग्रहात हा तुकडा आला आणि चित्र पालटलं. १९८८ मध्ये एन.डब्ल्यू.ए. या काळ्या रॅप गटाने तो 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन'मध्ये वापरला. ब्रिटनमध्ये तर जंगल आणि ड्रम अँड बेस हे अख्खे संगीतप्रकार याच सात सेकंदांची चिरफाड करून उभे राहिले. पुढे तो हजारो गाण्यांत वाजला, जाहिरातींत वाजला. जगात सर्वाधिक वेळा उचलला गेलेला ध्वनीतुकडा म्हणून आज त्याचं नाव घेतलं जातं.

आणि कोलमन? २००६ मध्ये अटलांटात ते वारले, बेघर आणि कंगाल अवस्थेत. त्या सात सेकंदांचा एक पैसाही त्यांना मिळाला नाही. स्पेन्सर यांना तर हा सगळा प्रकार १९९६ साली कळला. एका ब्रिटिश कंपनीने मूळ टेप मागायला फोन केला, तेव्हा. दावा लावायची मुदत तोवर टळून गेली होती. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या एका डीजेने लोकवर्गणी काढून त्यांना सुमारे २४ हजार पौंड दिले. ही मदत होती, हक्क नव्हता. हा फरक आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आता खरा प्रश्न. हा ठेका मुळात कुणाचा?

कागदावर रचना स्पेन्सर यांची. पण तिच्या सुरावटीखाली 'अमेन' हे काळ्यांच्या चर्चमधलं जुनं भजन आहे. १९६३ च्या 'लिलीज ऑफ द फील्ड' या चित्रपटासाठी जेस्टर हेअरस्टन यांनी ते बांधलं, १९६४ मध्ये कर्टिस मेफिल्ड यांच्या 'इम्प्रेशन्स'ने ते गाजवलं. मेफिल्डने आपल्याला ऐकवलेल्या गिटारच्या एका तुकड्यातून ही रचना सुचली, असं खुद्द स्पेन्सर सांगत. आणि त्या सात सेकंदांचं काय? ड्रम कसा वाजवायचा हे मीच सांगितलं, असा स्पेन्सर यांचा दावा होता. बँडमधलेच दुसरे गायक फिल टोलोटा यांचं म्हणणं होतं की श्रेय एकट्या कोलमनचं. ज्याचे हात होते त्या माणसाची साक्ष काढायला पुढे कुणाला जमलंच नाही, कारण जगाने प्रश्न विचारायला सुरुवात केली तेव्हा तो फूटपाथवर होता, आणि पुढे जगातच नव्हता.

या वादाचा निकाल मी लावणार नाही. मला दिसतं ते एवढंच की वाद सुरू होतो तेव्हा ज्याच्याकडे कागद असतो त्याला निदान फोन तरी येतो. ज्याच्याकडे फक्त हात असतात त्याला तोही येत नाही.

अमेरिकेची गोष्ट महाडला कशाला, असं कुणी म्हणेल. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांचा आणि आपला प्रश्न शेजारी ठेवला होता. त्याच डु बॉइस यांनी १९०३ सालच्या आपल्या ग्रंथात जवळपास प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर गुलामांच्या दुःखगीतांच्या स्वरओळी छापल्या, ज्यांचे रचनाकार कुणालाच माहीत नव्हते. १९७२ मध्ये दलित पँथरने नावच ब्लॅक पँथरवरून घेतलं. हे नातं जुनं आहे. आणि आपल्या घरात पाहिलं तर हीच गोष्ट वेगळ्या नावांनी सापडते.

भारतात १९०२ साली ग्रामोफोनचं ध्वनिमुद्रण सुरू झालं, तेव्हा गौहर जान रेकॉर्डच्या शेवटी स्वतःचं नाव मोठ्याने उच्चारत. तबकड्या परदेशात तयार होत, तिथल्या कामगारांना गाणं कुणाचं ते कळावं म्हणून. नाव गाणाऱ्याचं. साथ करणाऱ्यांची नावं ना उच्चारली गेली, ना बहुतेक लेबलांवर छापली गेली.

मुंबईच्या सिनेमातही तेच. १९५१ च्या 'अलबेला'वर नाव सी. रामचंद्र यांचं. त्या संगीतात ट्रम्पेटचा रंग भरणारे चिक चॉकलेट, म्हणजे आल्दोनाचे अँटोनियो झेवियर वाझ, किती जणांना ठाऊक आहेत? १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी यांचा काळ्या वादकांचा बँड आला होता. त्या काळच्या काळ्या जॅझमधून मुंबईतले गोव्याचे वादक घडले, आणि तो ताल हिंदी गाण्यात उतरला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू, पण देशाला त्यांचं नाव १९७७ च्या एका विनोदी गाण्यामुळे कळलं, आणि तेही खरा माणूस म्हणून नव्हे.

मग तमाशाकडे या. पठ्ठे बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. लावणीच्या इतिहासात त्यांचं नाव सम्राट म्हणून येतं. त्यांची रचना जिने उभी केली ती पवळा, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसाची, महार समाजातली. लावणी लिहिणाऱ्याने शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव गुंफलं की ती त्याची. गळा, पाय, अदा, ढोलकी यांची सही कुठे करायची? चळवळीत एक हकिकत सांगितली जाते. बापूरावांनी तमाशाच्या कमाईतून महाडच्या लढ्याला मदत देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती नाकारली, कारण तो पैसा महाराच्या बाईला नाचवून मिळवलेला होता. या हकिकतीत आपण बाबासाहेबांचा बाणेदारपणा बघतो, आणि तो आहेच. पण त्यात पवळाला काय वाटलं, हे विचारायची सवय आपल्याला लागलेली नाही. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांच्या बाजूने हा इतिहास नव्याने वाचला, तो तरुणांनी जरूर वाचावा.

वामनदादा कर्डकांनाही नाममुद्रेचं महत्त्व कळत होतं. त्यांच्या गीतांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. पण गाणारा वेळेअभावी ते कडवं गाळतो आणि वामनदादा गाण्यातून गायब होतात. तरी शब्दांना निदान ती सोय आहे. हलगीला नाममुद्रा नसते. ढोलकीच्या थापेत नाव गुंफता येत नाही. म्हणून वाद्य वाजवणाऱ्याचं नाव दुसऱ्या कुणीतरी लिहावं लागतं, आणि ते लिहिणारे आजवर आपले नव्हते.

इथे आपल्याच लोकांचा एक आक्षेप येतो, तो गंभीर आहे. ते म्हणतात, गावकीचं वाजवणं ही गुलामी होती. लग्नात वाजवायचं, पंगतीला मात्र लांब बसायचं. बाबासाहेबांनी महाडच्या पहिल्या परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टं सोडायला सांगितलं, १९२८ मध्ये वतनाच्या गुलामीविरुद्ध विधेयक आणलं. आपल्या बापजाद्यांनी वाद्यं खाली ठेवली ती मानाने. आता ती आठवण कशाला उकरता?

माझं उत्तर असं. सक्ती सोडणं आणि हुनर नाकारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बापाने गावकीचं वाजवणं सोडलं तो त्याचा विद्रोह होता. पण त्याच्या हातातला ठेका कुणाचाच नव्हता असं आपण म्हटलं, तर गावाने जे केलं तेच आपण पुन्हा करतो. गावाने हात वापरले आणि नाव पुसलं. आपण हात सोडवले, मग नाव का पुसायचं? बाबासाहेबांनी १९१६ च्या जातिसंस्थेवरच्या निबंधात आणि १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात मुळाचाच शोध घेतला. अपमानाचं मूळ कळलं की तो निसर्गाचा नसून माणसांनी लादलेला आहे हे सिद्ध होतं. तसंच निर्मितीचं मूळ कळलं की आपण केवळ राबणारे नव्हतो, घडवणारे होतो, हे सिद्ध होतं.

दुसरा आक्षेप बाहेरून येतो. कला सगळ्यांची असते, तिला जात लावू नका. ठीक आहे. मग नाव आणि रॉयल्टीही सगळ्यांची करा. तसं होत नाही. वाटून घ्यायची वेळ आली की कला सगळ्यांची, आणि सहीची वेळ आली की एकाची.

महाडचा इतिहासही या रोगातून सुटलेला नाही. पहिल्या परिषदेसाठी गावोगाव पायपीट करून बांधणी करणारे दासगावचे रा. बा. मोरे, डिसेंबरच्या परिषदेसाठी सवर्णांनी जागा नाकारली तेव्हा आपली जमीन देणारे फत्तेखान, त्याच्याही कितीतरी आधी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. २० मार्चला स्टेजवरून यांची नावं किती वेळा येतात ते मोजून बघा. बाबासाहेबांचं मोठेपण या नावांनी कमी होत नाही. कुणाच्या खांद्यावर लढा उभा राहिला ते कळतं.

म्हणून तरुण मित्रांनो, तीन कामं सुचवतो. पहिलं, तुमच्या गाण्याखाली शब्द कुणाचे, चाल कुणाची, ढोलकी कुणाची, बीट कुणाचा हे लिहा. बाहेरून घेतला असेल तर मूळ वादकाचं नाव शोधून लिहा. दुसरं, तुमच्या वाडीत जलशात गायलेले, बाज्यात वाजवलेले जे म्हातारे उरलेत त्यांच्यासमोर मोबाइल ठेवा. नाव, गाव, कुणाकडून शिकला, कधी सोडलं आणि का सोडलं, एवढं विचारा. कोलमनला हे कुणी विचारलं नाही. तिसरं, कायदा माहीत करून घ्या. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ पासून कलावंताचा, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचाही, हक्क आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने वादक म्हणून आपलं नाव लावून घेण्याचा हक्कही दिला आहे. कॅसेट कंपनीच्या कोऱ्या कागदावर सही करायचे दिवस गेले पाहिजेत.

त्या पोलादपूरच्या पोराला मी ही गोष्ट रस्त्यातच उभं राहून सांगितली. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे काका, आम्ही त्याला विचारलंच नाही." मी म्हटलं, विचारायला तो आता नाही. नाव तरी घ्या.

संध्याकाळी परतताना पुन्हा त्यांचा स्पीकर ऐकू आला. रॅप संपल्यावर पोरगा माइकवर म्हणत होता, "ड्रम, ग्रेगरी कोलमन." गर्दीतल्या कुणाला ते नाव कळलं नसेल. पण चवदार तळ्याच्या रस्त्यावर एका काळ्या वादकाचं नाव मोठ्याने घेतलं गेलं. आता आपल्या आज्यांची नावं घ्यायची वेळ आहे.

जय भीम!