लोखंडी जाळी: गणितज्ञाच्या अंगणातून आपल्या शाळेपर्यंत

दिवाळीला घरी गेलो होतो, आणि आजच्या एपिसोडचा विषय तिथेच सापडला.

घर म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं एक छोटं गाव. नाव नाही सांगत, कारण पुढे थोडी तक्रार आहे. माझी भाची सहा वर्षांची. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "हिला कुठंतरी खेळायला घेऊन जा ना रे, चार दिवसांपासून मोबाइलच घेऊन बसली आहे." म्हणून मीही मोबाइलच काढला. मॅपवर शोधलं तर जवळपास तीन मैदानं दिसली. पहिलं मैदान म्हणजे लग्नाचं लॉन निघालं. दुसरा बगीचा, पण त्याचं गेट संध्याकाळी पाचला उघडतं. पाचला परत गेलो. झोक्यांच्या साखळ्या होत्या, पाट्या नव्हत्या. प्लास्टिकच्या घसरगुंडीची एक पायरी गायब. ओपन जिमवर मात्र काका लोकांची गर्दी. भाची दहा मिनिटांत कंटाळली.

तिसरं मैदान माझ्याच जुन्या शाळेचं. तिथे एक लोखंडी जाळी होती, घुमटासारखी, आमच्या बॅचची अर्धी मधली सुट्टी तिच्यावर गेली. भाचीला रस्ताभर तिचंच वर्णन सांगत नेलं. जाऊन बघतो तर जाळी नाही. जमिनीत गाडलेले सिमेंटचे ठोकळे तेवढे दिसत होते.

आणि तेव्हा आठवलं. ती जाळी काढली गेली ती माझ्यामुळे. चौथीत असताना मी वरून पडलो, डावा हात मोडला. आई-बाबा शाळेत जाऊन चांगलेच भांडले. प्लास्टर निघायच्या आत जाळी भंगारात गेली होती. महिनाभर पोरं माझ्याशी बोलत नव्हती.

रात्री झोप येईना, तर म्हटलं बघू तरी, ही जाळी पहिल्यांदा केली कोणी? मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. दिवसभर ट्रू-फॉल्स, अँड-ऑर करतो. म्हणजे जॉर्ज बूल नावाच्या माणसाचं मीठ खातो. आणि ही जाळी निघाली बूलच्याच घरातली!

नीट सांगतो, कारण नाती जरा गुंतागुंतीची आहेत.

बूलची बायको मेरी एव्हरेस्ट. हो, तेच एव्हरेस्ट. सर्व्हेयर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट तिचे सख्खे काका. आता आमच्या जिल्ह्याचा संबंध बघा. भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन हा १८२३ मध्ये काम चालू असतानाच वारला, तो आमच्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या जागी मोजणीचा प्रमुख झाला तो एव्हरेस्ट. पुढे त्याचं नाव शिखराला मिळालं आणि लॅम्बटन हिंगणघाटातच राहिला. असो.

बूल १८६४ मध्ये गेला, अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी. मागे मेरी आणि पाच मुली. मेरी मुलांना गणित शिकवायची, तेही हाताने. पुठ्ठ्याला भोकं पाडून दोऱ्याने सरळ टाके घालायचे आणि त्यातून वक्ररेषा उमटताना बघायची. तुम्ही शाळेत खिळे आणि दोऱ्याचं जे डिझाइन केलंय ना, ते त्याच वळणाचं. थोडक्यात, या घरात गणित डोक्याआधी हातात यायचं.

सगळ्यात मोठी मुलगी मेरी एलन. तिचा नवरा चार्ल्स हॉवर्ड हिंटन, हाही गणितज्ञ, आणि चौथ्या मितीने पछाडलेला. 'टेसरॅक्ट' हा शब्द १८८८ मध्ये याने छापला. मार्व्हलवाल्यांनी तो नंतर उचलला. हिंटन माणूस म्हणून मात्र काही सरळ नव्हता. मेरी एलन असताना त्याने दुसरं लग्न केलं, १८८६ मध्ये ते कोर्टात गेलं आणि त्याला तीन दिवसांची कैद झाली. इंग्लंडमध्ये नोकरी मिळणं अवघड झालं, तेव्हा कुटुंब घेऊन तो जपानला योकोहामाला शिकवायला गेला.

तिथे त्याच्या डोक्यात आलं की माणसाला चौथी मिती दिसत नाही, कारण तिसरीसुद्धा तो नीट वापरत नाही. आपण आयुष्यभर जमिनीवर पुढे-मागे, डावी-उजवीकडे चालतो. वर-खाली हालचाल अशी नाहीच. मग मुलांना लहानपणापासून तिन्ही दिशांना फिरवलं तर? त्याने अंगणात बांबू बांधून घनांची चौकट उभी केली. एकावर एक, एकाशेजारी एक असे मोकळे खोके समजा. प्रत्येक सांध्याला तीन आकडे: एक्स, वाय, झेड. बाप आकडे ओरडणार आणि पोरांनी त्या सांध्यावर आधी कोण पोचतो याची शर्यत लावायची. कोऑर्डिनेट सिस्टिम, पण माकडांसाठी!

गणिताचं काय झालं? पोरांनी आकड्यांकडे दुर्लक्ष केलं आणि चढायची मजा घेतली.

त्यातला एक मुलगा सेबॅस्टियन. मोठा होऊन तो शिकागोत पेटंटचा वकील झाला आणि जवळच्या विनेट्का नावाच्या छोट्या गावात राहायला लागला. १९२० च्या सुमारास एका जेवणाच्या बैठकीत त्याने वडिलांच्या बांबूच्या चौकटीची आठवण सांगितली. ऐकणाऱ्यांत विनेट्काच्या शाळांचे प्रमुख कार्लटन वॉशबर्न होते. शिक्षणात नवे प्रयोग करणारा माणूस. त्यांनी विचारलं, आमच्या शाळेत असं करता येईल का? मग बांबूच्या जागी लोखंडी पाइप आले आणि शाळेच्या मैदानात जंगल जिम उभं राहिलं. सेबॅस्टियनने १९२० मध्येच पेटंटचा अर्ज केला. त्यात चौथ्या मितीचं नाव नाही. मुद्दा वेगळाच आहे: चढणं ही आपल्या पूर्वजांची नैसर्गिक चाल आहे, म्हणून मुलांच्या वाढीसाठी ती जवळजवळ आदर्श आहे. मधली सुट्टी बघितलेल्या कुणालाही हे पटेल.

पेटंट मंजूर झालं ऑक्टोबर १९२३ मध्ये. सेबॅस्टियन त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेला होता. त्याची मुलगी जोन अणुशास्त्रज्ञ झाली, लॉस अलामोसला बॉम्बच्या प्रकल्पावर होती, आणि नंतर सगळं सोडून चीनमध्ये जाऊन गाई पाळत राहिली. या घराण्यावर सहा एपिसोड होतील, पण आपण जाळीवर राहू.

जाळी जगभर गेली. स्वस्त, चालणारा भाग एकही नाही, एकाच वेळी वीस पोरं. वाटेत तिचा आकारही बदलला. घनांच्या चौकटीत आतही दांडे असतात. हात सुटला तरी हातभर अंतरावर दुसरा दांडा असतोच. घुमटात आत पोकळी. वरून सुटलात की थेट जमीन. मी असाच पडलो होतो. चौथीत हे कळण्याचं काही कारण नव्हतं, पण आता डिझाइन म्हणून बघतो तेव्हा फरक स्पष्ट दिसतो.

मग आला अपघातांचा प्रश्न. अमेरिकेत मुलं पडून जखमी होतात हे आकड्यांत मोजलं जाऊ लागलं, खटले झाले, आणि १९८१ मध्ये तिथल्या सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगाने मैदानांसाठी पहिली मार्गदर्शिका काढली. अशा मार्गदर्शिकांमध्ये एक गोष्ट ठळक असते: खाली काय आहे ते बघा. डांबर, काँक्रीट, टणक माती नको. रेती किंवा लाकडाचे तुकडे टाका, साधारण नऊ इंच ते फूटभर जाड, आणि दबले की पुन्हा भुसभुशीत करा. पण दरवर्षी रेती टाकण्यापेक्षा उंच खेळणंच काढून टाकणं सोपं. बऱ्याच ठिकाणी तेच झालं. आमच्या शाळेने ती मार्गदर्शिका न वाचताच तोच शॉर्टकट घेतला.

गंमत म्हणजे हे ज्ञान आपल्याकडे फार जुनं आहे. तालमीत जा. आधी हौदाची माती खणून मऊ करतात, मग कुस्ती. पडायचंच आहे हे गृहीत धरलेलं. मल्लखांबाच्या खालीही कडक फरशी कुणी ठेवत नाही. आमच्याकडे अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. या भागात पोरांना उंचावर चढवायची परंपरा शंभर वर्षांची, आणि आम्ही शाळेतली एक जाळी टिकवू शकलो नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण माझा शोध मॅपवरून सुरू झाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲमस्टरडॅममध्ये याकोबा मुल्डर या नगररचनाकार बाईंनी ठरवलं की प्रत्येक वस्तीत मुलांना खेळायला जागा हवी. काम दिलं आल्डो व्हॅन आइक या तरुण आर्किटेक्टला. पहिली जागा १९४७ मध्ये झाली. रेतीचा हौद, काही लोखंडी दांडे, चढायच्या कमानी, बाक. बस्स. लोक पत्र लिहून मागायचे, आमच्या कोपऱ्यावरही प्लॉट रिकामा आहे, इथे करा. १९७८ पर्यंत अशा सातशेहून जास्त जागा झाल्या. कुंपण नाही, तिकीट नाही, 'पाच ते आठ' नाही. मोठं उद्यान एकच आणि लांब, यापेक्षा छोटी जागा पण पोराला एकट्याने चालत जाता येईल अशी, हा त्यातला विचार. आमच्या बगीच्याच्या गेटवरची मोठी कोनशिला मला आठवली. तेवढ्या ग्रॅनाइटच्या पैशात किती ट्रॉली रेती आली असती!

सकाळी हे सगळं मी ताईला चहाबरोबर सांगितलं. ती म्हणाली, "मग तेव्हा आईबाबांनी जाळी काढा म्हणायच्या जागी रेती टाका म्हटलं असतं तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईसमोर हे बोलायची दोघांचीही हिंमत झाली नाही.

भाऊजींचं काम खेड्यापाड्यांत पंपदुरुस्तीचं. त्यांना आठवलं, आठ किलोमीटरवरच्या एका गावातल्या शाळेत जुनी जाळी आहे, आणि ती घुमट नाही, चौकोनी खोक्यांची. मॅपवर ती शाळासुद्धा नाही. मुख्याध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, "रविवारी आणा, पण जाताना गेट लावून जा."

गेलो. जाळीचा रंग उडालेला, पण हलवून बघितली तर पक्की. खालची काळी माती मात्र दगडासारखी. भाऊजींनी गाडीतून कुदळ काढली. तासभर आम्ही दोघांनी माती उकरली. रेती कुठून आणणार, तिचे भाव तुम्हाला माहीत आहेत. सोयाबीन नुकतंच निघालेलं, शेजारच्या शेतकऱ्याने चार पोती कुटार दिलं. ते पसरलं. अंगाला खाजतं, पावसाळ्यात कुजेल, पण उडी मारून बघितली तर पाय दुखले नाहीत. गावातली पाच-सहा पोरं तोवर जमलीच होती.

मी हिंटनसारखा खाली उभा राहिलो आणि ओरडलो, "दोन, तीन, एक!" भाचीने माझ्याकडे बघितलं, काहीही न समजल्यासारखं हसली, आणि सरळ वर चढायला लागली. अर्ध्यावर थांबून विचारलं, "मामा, तू किती उंचावरून पडला होता?"

मी बोट दाखवलं. ती त्याच्या वरच्या दांड्यावर जाऊन बसली.