खवासपूरचा पूर आणि बादशहाची दोन पत्रं

औरंगजेबाचं नाव निघालं की हल्ली एक मुद्दा हमखास येतो. शेवटी त्याला पश्चात्ताप झाला होता, मुलांना पत्रं लिहून त्याने पापांची कबुली दिली होती. तशी दोन पत्रं आहेत. पण त्यांत काय आहे आणि काय नाही, हे आपण सोलापूरकरांनी तरी नीट बघावं. या माणसाच्या म्हातारपणातली बरीच वर्षं आपल्याच जिल्ह्यात गेली आहेत.

1685 मध्ये विजापूर घ्यायचं म्हणून तो सोलापुरात येऊन बसला. पुढे 1695 ते 1699 मुख्य छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला. मंगळवेढ्याला जाताना लागणारा माचणूरचा किल्ला त्याच काळातला. (सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन किल्ल्याकडे न बघताच परतणारे कितीतरी जण आहेत, ते असो.) मग सातारा, परळी घेऊन 1700 च्या पावसाळ्यात तो सांगोल्याकडे खवासपूरला आला. तळ पडला माण नदीच्या पात्रात आणि काठावर. माण आपल्याला माहीत आहे, एरवी नुसती वाळू. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मध्यरात्री लोंढा आला आणि माणसं, जनावरं, तंबू घेऊन गेला. ऐंशी ओलांडलेला बादशहा उंचावर पळताना पडला, गुडघा निखळला, तो मरेपर्यंत लंगडत राहिला. दरबाऱ्यांनी त्यातही तैमूरलंगाचा वारसा शोधला!

पाय खवासपूरला गेला, पण मनाने तो खचला अहमदनगरला. 1707 मध्ये मरणाच्या दारात असताना आझम आणि कामबक्ष या मुलांना त्याने पत्रं लिहिली. एकटा आलो, एकटाच चाललो, मी कोण आणि काय करत होतो तेच कळत नाही, आयुष्य फुकट गेलं, पापं पुष्कळ झाली, पुढे काय शिक्षा आहे कोण जाणे, असा सगळा सूर. काबूलपासून जिंजीपर्यंत हुकूम चालवणारा माणूस हे लिहितोय. वाचताना पोटात कालवतं, खोटं कशाला बोलू?

पण कबुली नेमकी कशाची? बाप शहाजहान 1658 पासून मरेपर्यंत आग्र्याच्या किल्ल्यात कैद. भाऊ दारा 1659 मध्ये मारला, मुराद 1661 मध्ये ग्वाल्हेरला. 1689 मध्ये संभाजी महाराजांना हाल हाल करून मारलं. यातल्या एकाचीही नाव घेऊन कबुली त्या पत्रांत नाही. 'पापं' म्हणून सगळं एका मोघम शब्दात गुंडाळलंय. नाव घेऊन खंत येते ती त्याच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या मृत्युपत्रात, आणि तीही कुणाबद्दल, तर शिवाजी महाराजांबद्दल! आपल्या गाफीलपणामुळे ते आग्र्याहून निसटले आणि त्यापायी जन्मभर राबावं लागलं, ही हळहळ. म्हणजे मारलेल्यांबद्दल खंत नाही, सुटलेल्याबद्दल आहे.

माझ्या मते तो खराच कोलमडला होता, ते नाटक नव्हतं. पण ते रडणं स्वतःसाठी होतं. त्याला पश्चात्ताप म्हणायला मी तयार नाही.

धास्ती आणखी एक होती, मुलं आपापसात लढतील ही. आझम त्याच वर्षी जूनमध्ये आग्र्याजवळ जाजऊला भाऊ मुअज्जमशी लढताना मारला गेला. कामबक्ष जानेवारी 1709 मध्ये हैदराबादजवळ त्याच भावाच्या फौजेशी लढताना जखमी होऊन मेला.