मानकुरादची कोय आणि कलम

मानकुराद हा गोव्याचा मानाचा आंबा; पण त्याची कोय रुजवली, तर येणाऱ्या झाडाला मानकुरादच लागेल याची खात्री नसते. याचे कारण लैंगिक प्रजननात आहे. आंब्याच्या पेशीत ४० गुणसूत्रे असतात. परागकण व बीजांड यांत प्रत्येकी २० उतरतात आणि फलनानंतर ती पुन्हा ४० होतात. मोहोरावर येणाऱ्या माश्या व इतर कीटक दुसऱ्या झाडाचे परागकण आणतात; त्यामुळे कोयीतील गर्भात दोन झाडांच्या जनुकांची नवी जुळणी होते.

कलमाचे तसे नाही. खुंटावर बांधलेली काडी मातृवृक्षाचाच अंश असल्याने फळाचे गुण जसेच्या तसे उतरतात. पोर्तुगीज काळात गोव्यात कलमांचा प्रसार झाला आणि निवडक जाती टिकून राहिल्या.

मात्र एका जातीची सर्व कलमे जनुकीयदृष्ट्या सारखी असतात. एका झाडाला बाधणारा रोग इतरांनाही तितकाच बाधू शकतो. याउलट कोयीपासून वाढलेले रायवळ झाड सहसा आपल्यासारखे एकटेच असते. रोगाला तोंड देणारी उद्याची जात याच विविधतेतून निवडता येईल. म्हणून जुना रायवळ तोडला की केवळ सावली जात नाही, पुन्हा न जुळणारा जनुकसंचही नाहीसा होतो.