माडाच्या सुरेवर फुगलेला पाव

1510 मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला, पण जेवणाची पंचाईत झाली. त्यांना पाव हवा आणि मुलूख पडला भाताचा. गहू बाहेरून आणता येई; खमिराचं काय?

उत्तर माडावर होतं. माडावर चढणारा रेंदेर सकाळी उतरवतो ती सूर, म्हणजे माडाचा रस, काही तासांतच आंबू लागते. तीच पिठात घालून कणीक फुगवली आणि लाकडाच्या भट्टीत गोव्याचा पाव जन्मला. पुढे हा धंदा मुख्यतः सासष्टीच्या ख्रिस्ती पोदेरांनी, म्हणजे पाववाल्यांनी, उचलला. उंडो, कात्रे पाव, बांगडीसारखं कडक कांकण असे प्रकार आले. कोंड्याची पोयी तर खास इथलीच: बाहेरून भुरभुरीत, आत पोकळ, शागोतीचा रस्सा टिपायला तयार.

हिंदूंनी मात्र कित्येक पिढ्या पावाचा धसका घेतला. विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या कथा कोकणात अजून ऐकू येतात.

पोटासाठी मुंबईला गेलेल्या गोवेकरांनी तिथेही बेकऱ्या थाटल्या. इकडे गोव्यात भोंगा वाजवत सायकलवरून पोदेर अजूनही येतो. पण सुरेची जागा आता बहुतेक ठिकाणी बाजारच्या यीस्टने घेतली आहे आणि पावाची जुनी आंबूस चव त्यातच गेली.