तेलाचा एक थेंब: पॉवर स्टेअरिंगच्या सीलचा इतिहास

१/ परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध आहे. या भागातील चिखलाच्या पाणंद रस्त्यांवर फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचा खरा कस लागतो. अशा एखाद्या उभ्या गाडीखाली, पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूस, तेलाचे थेंब दिसू लागतात. मालक टाकीत तेल ओततो आणि निघतो. दोष असतो रबराच्या एका कड्यात. आजचा धागा त्या कड्याविषयी: ते आले कोठून, आणि झिजल्यावर बदलावे कसे?

२/ आरंभ परंड्यापासूनच करू. मलिक-ए-मैदान ही सुमारे ५५ टनांची तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये तेथून विजापूरला नेण्यात आली. एवढे वजन सरळ रेषेत ओढणे अवघड, पण वळणावर फिरवणे त्याहून अवघड. आणि त्या काळी बळ होते ते माणसांचे व जनावरांचे.

३/ जळगावच्या श्रीराम रथोत्सवात आजही चाकाखाली लाकडी मोगरी देऊन रथ वळवतात आणि थांबवतात. ओढणारे हात पुष्कळ असतात, परंतु दिशा ठरते ती मोगरी लावणाऱ्याच्या कौशल्याने. ओढण्याचे बळ आणि वळवण्याची युक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या रथकर्त्यांना चांगले ठाऊक होते.

४/ मोटारगाडीने ओढण्याचा प्रश्न सोडवला, वळवण्याचा तसाच राहिला. चारही चाकांना बळ दिले की पुढच्या आसावर गिअर आणि शाफ्ट यांचा भार वाढतो आणि स्टेअरिंग अधिकच जड होते. म्हणूनच एक योगायोग अर्थपूर्ण वाटतो. ३ एप्रिल १९०० रोजी पिट्सबर्गच्या रॉबर्ट ट्वायफर्ड यांना फोर-व्हील ड्राइव्हचे पेटंट मिळाले, आणि त्याच पेटंटमध्ये इंजिनाच्या बळावर स्टेअरिंग फिरवण्याची यांत्रिक योजनाही होती.

५/ तेलाच्या दाबावर चालणारी व्यवहार्य रचना साधली ती फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने. १९२६ मध्ये त्याने ती पिअर्स-ॲरो गाडीवर बसवून दाखवली. तिचे मर्म असे: एरवी तेल पंपातून मोकळे फिरत राहते, चालकाने चाक वळवले की झडप वाट अडवते आणि तेवढ्यापुरता दाब चढतो. दुसऱ्या महायुद्धात ही रचना लष्करी वाहनांत वापरली गेली आणि १९५१ मध्ये क्रायस्लर इम्पीरियलमधून सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत आली.

६/ स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्रांनी विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपला पॉवर स्टेअरिंग नव्हते. चालकाच्या दंडातले बळ हेच साहाय्य. पुढे १९८१ मध्ये पुणे जिल्ह्यात झेडएफ स्टेअरिंग गिअर (इंडिया) ही कंपनी स्थापन झाली. तिचा कारखाना आहे वढू बुद्रुक येथे. होय, छत्रपती संभाजी महाराजांची समाधी असलेले तेच वढू.

७/ आता ते कडे. स्टेअरिंग बॉक्समधून जो दांडा बाहेर येऊन चाकांना वळवतो, त्याला सेक्टर शाफ्ट म्हणतात. आत दाबाखालचे तेल, बाहेर धूळ आणि चिखल; आणि मध्ये सतत फिरणारा दांडा. स्थिर सांधा बुजवणे सोपे आहे. हलणाऱ्या सांध्यातून दांडा फिरू द्यायचा पण तेल जाऊ द्यायचे नाही, हा खरा पेच.

८/ या पेचाचे जुने उत्तर होते कातडे. जर्मनीतील वाइनहाइमची फ्रॉइडेनबर्ग ही मुळात कातडे कमावणारी पेढी. तेथील वाल्टर सिमर या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९२९ मध्ये धातूच्या कवचात कातडी कडे बसवून शाफ्टचे सील सिद्ध केले. १९३६ पासून कातड्याच्या जागी कृत्रिम रबर आले. आजचे नायट्राइल रबराचे सील याच परंपरेतले.

९/ हाच प्रवास आपल्या मातीतही घडला आहे. आपल्या विहिरींवर कातडी मोट होती. ती फाटली की शेतापर्यंत पाणी पोहोचत नसे. सोलापूरला घडलेल्या हातपंपाच्या आधारावर पुढे ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप तयार झाला. त्याच्या दट्ट्यालाही आधी कातडी वायसर असे, नंतर नायट्राइलचे आले. वायसर झिजला की दांडा हलतो, पण पाणी वर येत नाही. गाव तहानलेले राहते ते एका वायसरासाठी.

१०/ स्टेअरिंगचेही तसेच. तेल संपले तरी चाक वळते, कारण यांत्रिक जोड कायम असतो. पण हलक्या चाकाची सवय झालेल्या हाताला ऐन वळणावर ते एकाएकी जड लागते, आणि कोरडा पंप झिजून जातो. म्हणून वरून तेल ओतणे ही दुरुस्ती नव्हे.

११/ प्रथम बॉक्स स्वच्छ पुसावा, इंजिन सुरू ठेवून कोणाला तरी चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवायला सांगावे आणि पाहावे. दाब तेव्हाच चढतो, म्हणून गळती तेव्हाच खरी जागा सांगते. तेल वरच्या नळीतून ओघळून खाली येत असेल, तर खालचे सील बदलून उपयोग नाही.

१२/ गळती सेक्टर शाफ्टचीच असेल, तर ड्रॉप आर्म आणि शाफ्ट यांवर जुळणारी खूण करून नट सोडवावा. आर्म पुलरनेच काढावा. हातोड्याचे घाव आतल्या बेअरिंगला बसतात. मग धूळ-सील, सर्क्लिप आणि मुख्य सील क्रमाने काढावे. सील काढताना शाफ्टवर ओरखडा उमटता कामा नये.

१३/ त्यानंतर शाफ्टवरून नखाने चाचपावे. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने घालवावा. नखाला खोल चर लागत असेल, तर नवे सीलही लवकरच गळेल; तेव्हा दोष शाफ्टचा मानावा. शाफ्टच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळावी, लिपला तेल लावावे, लिपचे तोंड आत, तेलाच्या बाजूस ठेवावे आणि योग्य मापाच्या सॉकेटने सील सरळ बसवावे.

१४/ खुणा जुळवून आर्म बसवावा आणि नट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कने आवळावा. तेल भरून, पुढची चाके उचलून, स्टेअरिंग सावकाश दोन्हीकडे फिरवावे. तेलावर फेस दिसतो तोवर आत हवा आहे असे समजावे.

१५/ इतिहासात आपण तोफ पाहतो, रथ पाहतो, इंजिन पाहतो. पण मोटेचे कातडे शिवणारा, पंपाचा वायसर बदलणारा आणि गाडीखाली आडवा होऊन सील बसवणारा मिस्त्री हेही त्याच इतिहासाचे मानकरी आहेत. बळ निर्माण करणाऱ्यांची नावे ग्रंथांत नोंदली जातात. ते बळ गळू न देणाऱ्यांची नोंद सहसा कोणी ठेवत नाही, आणि गाडी मात्र त्यांच्याच भरवशावर वळण घेते.